लेकराची साक्ष

जिल्हा न्यायालयातील फौजदारी खटल्यांचे कागद ज्यांनी कधी वाचले असतील, त्यांना एक वाक्य परिचयाचे असेल. उलटतपासणीच्या शेवटी ते बहुधा येतेच : ‘हे म्हणणे खरे नाही की, मी वडिलांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे.’ साक्षीदार शेतकरी असो, शिक्षक असो की डॉक्टर, वाक्याची घडण बदलत नाही. ‘वडिलांच्या’ जागी ‘पोलिसांच्या’ किंवा ‘फिर्यादीच्या’ एवढाच काय तो फरक. प्रौढ साक्षीदाराच्या तोंडी हे वाक्य वाचताना आपण अडखळत नाही. पण साक्षीदार आठ वर्षांचा असेल तर? आठ वर्षांचे मूल असे वाक्य बोलत नाही. आमच्या धाराशिव जिल्ह्यातले तर नाहीच नाही. ते ‘न्हाई’ म्हणेल, ‘मला कुणी न्हाई शिकवलं’ म्हणेल, किंवा काहीच न बोलता मान हलवील आणि दाराकडे पाहील. कागदावर मात्र ‘हे म्हणणे खरे नाही की’ असेच उतरते आणि खाली त्या मुलाची सही किंवा अंगठा असतो.

यात कोणाची लबाडी नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २७६ व्या कलमाने सत्र न्यायालयातील साक्ष सामान्यतः निवेदनाच्या रूपात नोंदवावी असे सांगितले होते. प्रश्नोत्तरांच्या रूपात नोंद करणे न्यायाधीशांच्या विवेकावर सोडले होते. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली, पण ही पद्धत बदललेली नाही. वकील विचारतो, साक्षीदार उत्तर देतो, न्यायाधीश ते दोन्ही मिळून एक वाक्य करून लघुलेखकाला किंवा टंकलेखकाला सांगतात. कागदावर प्रश्न पुसला जातो आणि उरते ते प्रथमपुरुषी निवेदन. साहित्याच्या वर्गात आपण विद्यार्थ्यांना ‘निवेदक कोण आणि लेखक कोण’ हा भेद शिकवतो. न्यायालयातील साक्षीच्या कागदावर तो भेद सर्वांत तीव्र असतो, आणि निवेदक मूल असेल तर त्या भेदावर एखाद्याचा जन्म अवलंबून असू शकतो.

लहान मुलाच्या साक्षीचा इतिहास मला या दृष्टीने पाहावासा वाटतो. ‘या लेकरावर विश्वास ठेवावा काय?’ हा प्रश्न कायद्याने शतकानुशतके विचारला. ‘साक्ष देताना या लेकराचे काय होते?’ हा प्रश्न त्याला फार उशिरा, साधारण गेल्या चाळीस वर्षांत सुचला. आणि ‘या लेकराच्या बोलण्याचे काय होते?’ हा तिसरा प्रश्न अजून पुरता विचारलेलाच नाही.

आरंभ शब्दापासून करू. पाणिनीने ‘साक्षी’ या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली ती ‘साक्षात् पाहणारा’ अशी. ज्याने स्वतः पाहिले तो साक्षी. या कसोटीला वयाची अट नाही. उलट मूल हे घरातले सर्वांत जागरूक डोळ्यांचे माणूस असते. परंतु धर्मशास्त्रकारांनी साक्षीदाराच्या पात्रतेची चर्चा केली तेव्हा पाहण्यापेक्षा बोलणाऱ्याच्या प्रतिष्ठेचा विचार अधिक केला. याज्ञवल्क्यस्मृतीत असाक्षी म्हणून जी यादी येते तिच्या आरंभीच स्त्री, बालक आणि वृद्ध येतात आणि त्यांच्याच पंक्तीला जुगारी, मद्यपी आणि वेडे येतात. नारदस्मृतीने कारणही देऊन टाकले : बालक अज्ञानामुळे खोटे बोलेल. मात्र चोरी, मारहाण, बलात्कार यांसारख्या प्रसंगी, जिथे निवडून साक्षीदार ठेवण्याची सोयच नसते, तिथे कोणीही साक्षी होऊ शकतो, असा अपवाद याज्ञवल्क्याने ठेवला आहे. याचा अर्थ अडचण शास्त्रकारांनाही ठाऊक होती. घरात, एकांतात, अंधारात घडलेल्या गोष्टीचा साक्षीदार पुष्कळदा एकटे मूलच असते.

आमच्या जिल्ह्याच्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका, जिच्यावर पुढे देशाच्या मोठ्या भागातील हिंदू कायदा उभा राहिला, ती विज्ञानेश्वराने चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याच्या काळात कल्याणी येथे लिहिली. ते कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. सोलापूर-हैदराबाद रस्त्याने उमरगा ओलांडून कर्नाटकात शिरले की फार दूर नाही. साक्षीदार कोण आणि कोण नव्हे, याची इतकी बारीक चर्चा आपल्या शेजारच्याच गावात सुमारे नऊशे वर्षांपूर्वी झाली.

मराठेशाहीतील गोतसभा आणि महजर यांतही साक्ष ही वतनदाराची, गावातील ओळखीच्या आणि हक्काच्या माणसाची असे. पाटलाचा नांगर, सुताराची किंकरे अशा निशाण्या महजराखाली उमटत. त्या निशाण्यांत मुलाची निशाणी असण्याचे कारण नव्हते. ज्याला वतन नाही त्याच्या पाहण्याला कागद नाही.

इंग्रजी कायद्याची वाट वेगळी होती, पण संशय तोच. तिथे अडसर शपथेचा होता. लंडनमध्ये १७७९ साली ब्रेझियर खटल्यात न्यायाधीशांनी ठरवले की, सात वर्षांखालील मुलाचीही साक्ष घेता येईल, पण शपथेवाचून नाही. शपथेचे पावित्र्य त्या मुलाला कळते की नाही एवढे पाहावे. म्हणजे खोटे बोलले तर देव शिक्षा करतो हे मुलाला सांगता आले पाहिजे. जे मूल हे सांगू शकेल ते साक्षीदार, जे सांगू शकणार नाही ते मुके. घटनेच्या ज्ञानाऐवजी धर्मज्ञानाची परीक्षा घेतली जाई.

या पार्श्वभूमीवर १८७२ चा भारतीय पुरावा कायदा आश्चर्य वाटावे इतका उदार आहे. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी घडवलेल्या या कायद्याच्या ११८ व्या कलमात वयाचा आकडाच नाही. ज्याला प्रश्न समजतो आणि ज्याला समजेल असे उत्तर देता येते, तो साक्षीदार. कोवळे वय हे अपात्रतेचे कारण तेवढ्यापुरतेच, जेवढ्यापुरते ते समजण्याच्या आड येते. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या १२४ व्या कलमात हाच नियम कायम आहे.

पण कलमात नसलेली गोष्ट व्यवहारात आली. मराठी न्यायालयीन भाषेत तिला ‘पढवलेला साक्षीदार’ म्हणतात. ‘पढवणे’ हे क्रियापद पाहण्यासारखे आहे. आपण पोपट पढवतो. मूल म्हणजे रिकामे भांडे, मोठी माणसे त्यात जे ओततात तेच ते बाहेर देते, अशी ही कल्पना. तिच्यात तथ्य नाही असे नव्हे. गावातील भाऊबंदकी ज्याने पाहिली आहे त्याला मुलांचा असा वापर होतो हे सांगावे लागत नाही. दोष एवढाच की या कल्पनेने संशयाचे ओझे पढवणाऱ्यावर टाकण्याऐवजी पढवल्या गेलेल्यावर टाकले.

आमच्या जिल्ह्यापुरता एक अधिकचा पडदा होता. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथल्या न्यायालयांची भाषा उर्दू होती. परंड्याच्या किंवा तुळजापूरच्या मुलाने जे मराठीत सांगितले ते कागदावर उर्दूत जाई. साक्ष ही ‘शहादत’ होई आणि सांगणे हा ‘इजहार’ होई. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतात आले, १ एप्रिल १९५१ पासून भारतीय पुरावा कायदा इथे लागू झाला, १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९९८ मध्ये महाराष्ट्र शासनाने जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी मराठी ही न्यायालयीन भाषा ठरवली. म्हणजे या जिल्ह्यातील मुलाचे बोलणे निदान त्याच्या भाषेच्या कुळात नोंदले जाण्याला विसावे शतक संपत यावे लागले.

भारतीय कायदा मराठवाड्यात आला त्याच वर्षी, २० डिसेंबर १९५१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ‘रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य’ हा निर्णय दिला. निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस आपल्या नागपूरचे. नागपूर उच्च न्यायालयाचे ते मुख्य न्यायाधीश होते. खटल्यातील मुलगी सुमारे आठ वर्षांची. तिला शपथेचे महत्त्व कळत नाही असे पाहून खालच्या न्यायालयाने शपथ न देता साक्ष घेतली होती. ती साक्ष ग्राह्य धरायची की नाही? बोस यांनी सांगितले की, शपथ नसणे हा साक्षीच्या वजनाचा प्रश्न आहे, पात्रतेचा नव्हे. मुलाला शपथेचा अर्थ कळत नसेल, पण खरे बोलले पाहिजे एवढे कळत असेल तर पुरे. आणि न्यायाधीशाने ‘याला ते कळते’ असे आपले मत, कारणांसह, लिहून ठेवले पाहिजे.

हे शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. परीक्षा मुलाची असली तरी उत्तर न्यायाधीशाने लिहायचे, अशी जबाबदारी इथे बदलली. पुढे १९६९ च्या शपथ कायद्यानेही बारा वर्षांखालील मुलाला शपथेतून मोकळे ठेवले. प्रत्यक्षात मात्र ही प्राथमिक चौकशी, नाव काय, कितवीत आहेस, खरे बोलावे की खोटे, अशा दोन-चार ठरीव प्रश्नांत आटोपू लागली, आणि वरची न्यायालये पुन:पुन्हा आठवण करून देत राहिली. महाराष्ट्रातून गेलेल्या ‘दत्तू रामराव साखरे’ या अपिलात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूल सक्षम आणि विश्वासार्ह वाटले तर केवळ त्याच्या साक्षीवरही शिक्षा होऊ शकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील बलवीर सिंग खटल्यात, आईच्या मृत्यूची साक्ष देणाऱ्या सात वर्षांच्या मुलीवर विश्वास ठेवून न्यायालयाने हेच पुन्हा विस्ताराने मांडले : साक्षीला किमान वय नाही. म्हणजे १८७२ चे कलम जे म्हणत होते तेच १५३ वर्षांनी पुन्हा सांगावे लागले. अविश्वास कलमात नसून सवयीत होता.

हा झाला पहिला प्रश्न. दुसऱ्या प्रश्नाची सुरुवात महाराष्ट्रातच, विदर्भात झाली.

१९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे, पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार नोंदली गेली. तिचे वय चौदा ते सोळाच्या दरम्यान होते. सत्र न्यायालयाने तिलाच खोटारडी ठरवले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ते मत बदलून आरोपींना शिक्षा दिली आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना पुन्हा सोडले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. त्या बदलाने अशा खटल्यातील पीडितेचे नाव प्रसिद्ध करण्यास बंदी घातली. परंतु खटला आजही त्या मुलीच्या नावानेच ओळखला जातो. कायदेविषयक पुस्तकांत, भाषणांत, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांत. जिच्यामुळे नाव झाकण्याचा कायदा झाला, तिचेच नाव झाकायचे राहिले. या लेखात तरी ते लिहीत नाही.

मुलाला कोर्टात उभे केले की त्याला काय सोसावे लागते, हे पुढच्या दोन दशकांत स्पष्ट होत गेले. गोव्यात मडगावच्या एका अनाथाश्रमाचा चालक फ्रेडी पीट्स याला १९९१ मध्ये अटक झाली आणि १९९६ मध्ये जन्मठेप झाली. या प्रकरणाने हादरलेल्या गोव्याने २००३ मध्ये बाल कायदा केला आणि मुलांसाठी स्वतंत्र न्यायालयाची तरतूद केली. मुंबईत कुलाब्याच्या ‘अँकरेज’ निवाऱ्यातील मुलांच्या तक्रारी २००१ मध्ये पुढे आल्या. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये दोन ब्रिटिश नागरिकांना शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्यांना सोडले, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये शिक्षा पुन्हा कायम केली. ज्या मुलांनी तक्रार केली ती या दहा वर्षांत मोठी माणसे झाली. पोरपणी सांगितलेली गोष्ट खरी होती हे त्यांना तरुणपणी कळवण्यात आले.

दरम्यान दिल्लीच्या ‘साक्षी’ नावाच्याच संस्थेच्या याचिकेवर २६ मे २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही साधे निर्देश दिले. मुलाला आरोपी दिसू नये म्हणून पडदा ठेवावा. बचाव पक्षाच्या वकिलाने आपले प्रश्न न्यायाधीशांकडे लेखी द्यावेत आणि न्यायाधीशांनी ते स्पष्ट, लाज न वाटेल अशा भाषेत विचारावेत. मुलाला मधूनमधून विश्रांती द्यावी. निर्देश वाचताना वाटते, हे सांगावे लागले? पण आपल्या भाषेचीच साक्ष काढावी. इंग्रजीत साक्षीदाराची जागा वेगळ्या शब्दाने ओळखली जाते आणि आरोपीची वेगळ्या. मराठीत आपण दोघांच्याही जागेला ‘पिंजरा’ म्हणतो. आरोपीचा पिंजरा आणि साक्षीदाराचा पिंजरा. मुलाच्या उंचीच्या माणसाला त्या लाकडी कठड्यातून समोरचे जे दिसते त्यात हा फरक नसतोच.

कायद्याने वाढवलेल्या या पदराबाहेर राहिलेली एक मुलगी सर्वांना ठाऊक आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पायाला गोळी लागलेली देविका रोटवान. जून २००९ मध्ये, दहा वर्षांची असताना, तिने विशेष न्यायालयात कसाबला ओळखले. देशाने तिचे कौतुक केले, सत्कार केले. पण साक्षीनंतर शेजारी आणि ओळखीचे लोक दूर झाले, शाळेत नावे ठेवली गेली, हे तिने पुढे अनेक मुलाखतींत सांगितले आहे. घरासाठी २०२० मध्ये तिला उच्च न्यायालयात जावे लागले. तिचा चेहरा आणि नाव झाकण्याचा विचार कोणाला सुचला नाही, कारण तिची साक्ष ही शौर्यगाथा मानली गेली. लाजेची साक्ष झाकायची आणि शौर्याची मिरवायची, असा आपला हिशेब होता. भीती मात्र दोन्हीकडे सारखीच असते.

१४ नोव्हेंबर २०१२ रोजी, बालदिनी, लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा अमलात आला. आपण त्याला ‘पॉक्सो’ म्हणतो. साक्षीच्या दृष्टीने हा कायदा जुन्या विचाराला उलटा करणारा आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हवा तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवायचा. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवायचे नाही. न्यायालयात प्रश्न थेट वकिलाने नव्हे, न्यायाधीशांमार्फत विचारायचे. आक्रमक प्रश्न नाहीत, चारित्र्यहनन नाही, वारंवार बोलावणे नाही. आरोपी समोर दिसणार नाही अशी व्यवस्था करायची आणि खटला बंद दालनात चालवायचा. न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो एका वर्षात निकाल. इथे पहिल्यांदा मुलाने न्यायालयासाठी लायक असण्याऐवजी न्यायालयाने मुलासाठी लायक व्हावे असे म्हटले गेले.

त्यासाठी लागणाऱ्या जागेचा प्रश्नही महाराष्ट्राच्याच खटल्याने सोडवला. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध बंडू ऊर्फ दौलत’ या प्रकरणातील पीडित मुलगी मूकबधिर आणि मतिमंद होती. तिची स्वतःची साक्ष झाली नाही या कारणाने उच्च न्यायालयाने आरोपीला सोडले होते. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इतर पुराव्यावर शिक्षा कायम केली. जिला बोलताच येत नाही तिच्या न बोलण्याची शिक्षा तिलाच देता येणार नाही, असा त्याचा अर्थ. त्याच आदेशात, दिल्लीच्या धर्तीवर, प्रत्येक उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत असुरक्षित साक्षीदारांसाठी किमान दोन केंद्रे स्थापावीत असे न्यायालयाने सांगितले. काम रेंगाळले, तेव्हा महाराष्ट्रातूनच गेलेल्या दुसऱ्या प्रकरणात ११ जानेवारी २०२२ रोजी प्रत्येक जिल्ह्यात असे कायमस्वरूपी केंद्र असावे असा आदेश झाला आणि न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

कायदा असला की काम झाले, असे नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुकल्यांच्या प्रकरणाची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा मुलीचा जबाब घरी जाऊन घेण्याऐवजी कुटुंबाला पोलीस ठाण्यात बोलावल्याबद्दल न्यायालयाला पोलिसांना खडसवावे लागले. बारा वर्षे जुने कलम. पुन्हा सवयच आडवी आली.

आता तिसरा प्रश्न, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

अत्याचार झालेले मूल आपली गोष्ट किती वेळा सांगते हे मोजून पाहावे. आधी आईला. मग पोलिसांना. मग डॉक्टरला. मग दंडाधिकाऱ्यांना. प्रसंगी बालकल्याण समितीला. शेवटी न्यायालयाला. प्रत्येक ठिकाणी लिहिणारा हात वेगळा. एकाने ‘काका’ लिहिले, दुसऱ्याने ‘शेजारी’, तिसऱ्याने ‘आरोपी’. एकाने ‘सांजच्याला’चे ‘सायंकाळी सहा वाजता’ केले, दुसऱ्याने ‘रात्री’. उलटतपासणीत हे कागद शेजारी शेजारी ठेवले जातात आणि त्यांतील फरकाला ‘तफावत’ म्हणतात. तफावत दिसली की साक्ष डळमळते.

साहित्याच्या अभ्यासकाला ही स्थिती परकी वाटू नये. आपण तिला पाठभेद म्हणतो. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत लेखकांच्या हातून पाठ बिघडले होते म्हणून शके १५०६ मध्ये एकनाथांनी ती शुद्ध केली. पाठभेद दिसले म्हणून ज्ञानदेव खोटे बोलले असे कोणी म्हटले नाही. भेद कोणत्या लेखनिकामुळे, कोणत्या बोलीमुळे, कोणत्या ऐकण्यामुळे आला हे शोधणे म्हणजेच पाठचिकित्सा. आठ वर्षांच्या मुलीच्या सहा पाठांना मात्र आपण ही सवलत देत नाही. तिथे लेखनिकाची चूक कर्त्याच्या नावावर जाते.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडी प्रकरणात १९८३ पासून शेकडो मुलांना सुचवणारे, पुन:पुन्हा तेच विचारणारे प्रश्न घातले गेले. उत्तरे अधिकाधिक विलक्षण होत गेली आणि १९९० मध्ये एकाही आरोपीला शिक्षा न होता ते संपले. त्यानंतर स्टीफन सेसी आणि मॅगी ब्रुक यांसारख्या मानसशास्त्रज्ञांनी दाखवले की, लहान मूल सुचवणाऱ्या प्रश्नाला वळते, आणि तोच प्रश्न दुसऱ्यांदा आला तर आपले पहिले उत्तर चुकले असे समजून ते बदलते. आपण शिक्षकांनी हे वर्गात पाहिलेलेच असते. ‘नक्की का?’ असे विचारले की बरोबर उत्तर देणारे मूलही गडबडते. तेव्हा मुलाचे संरक्षण म्हणजे मुलावर डोळे मिटून विश्वास नव्हे. कसे विचारले आणि उत्तर कसे लिहिले, याची काळजी म्हणजे संरक्षण. ती काळजी निर्दोष आरोपीलाही तेवढीच उपयोगी पडते.

आता आमच्या जिल्ह्यात ही काळजी म्हणजे काय? उमरगा-नळदुर्ग भागात कानडी घरे आहेत. तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. पारधी वस्त्यांतील मुलांची घरची भाषा मराठी नव्हे. अशा भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला शाळा उभी राहिली, तिथल्या शिक्षकांना हे अंतर रोज ओलांडावे लागत असेल. पॉक्सोच्या ३८ व्या कलमाने दुभाष्याची सोय केली आहे. पण दुभाष्या लागतो हे आधी कोणाच्या तरी लक्षात यावे लागते. मराठी ‘येते’ अशी समजूत असलेल्या मुलासाठी दुभाष्या मागवला जात नाही. ज्याचे ‘न्हाई’ मराठीच आहे त्याच्यासाठी तर नाहीच. आणि निकालावर अपील झाले की मराठी कागदाचे इंग्रजी होऊन ते छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढे जातात. तिथवर पोचेतो मुलाचा एकही शब्द मुलाचा उरलेला नसतो.

शिवाय दिवाळीनंतर या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. साक्षीदार मूल त्या टोळीबरोबर फडात असेल तर समन्स बंद घराच्या दारावरून परत येते. पुढची तारीख पडते. तीस दिवसांची मुदत कायद्यात राहते. परतल्यावर ते मूल त्याच गावात, त्याच आळीत राहते, जिथे आरोपीचेही घर असते. न्यायालयातला पडदा दहा फुटांचा असतो; पाणवठ्यावर तो नसतो.

या सगळ्यावर आपण, साहित्य शिकवणारी माणसे, काय करू शकतो? मला वाटते, थोडेफार करू शकतो. मुलांची साक्ष प्रश्नोत्तरांच्या रूपात, मुलाच्याच शब्दांत लिहिण्याची मुभा कायद्यात जुनीच आहे. बोलीभाषेतील शब्द अवतरणात ठेवून नोंदता येतो. पोलीस आणि दंडाधिकारी यांच्यापुढील जबाब शक्य तिथे दृकश्राव्य साधनांनी मुद्रित करावा असेही पॉक्सोत आहे. हे वापरावे की नाही हे ठरवणारे, लिहिणारे, भाषांतर करणारे लोक कोठून येतात? पुष्कळसे आपल्याच वर्गांतून. मराठी घेऊन पदवीधर झालेला मुलगा न्यायालयात लिपिक होतो, एखादी मुलगी पोलीस उपनिरीक्षक होते, कोणी विधिमहाविद्यालयात जाते, कोणी खंडपीठात भाषांतरकार होते. त्यांना आपण बोलीविज्ञान पाठ्यक्रमातला एक घटक म्हणून शिकवतो, सोळा गुणांसाठी. ‘सांजच्याला’ आणि ‘सायंकाळी सहा वाजता’ यांत एखाद्याचे आयुष्य आहे, हे सांगत नाही.

यंदा बोलीविज्ञानाच्या तासाला ते एक वाक्य फळ्यावर लिहायचे मी ठरवले आहे : ‘हे म्हणणे खरे नाही की, मी वडिलांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे.’ आणि विद्यार्थ्यांना एवढेच विचारायचे की, आपल्या गावातील दुसरीतल्या पोरीने हे सांगितले असेल, तर तिने नेमके काय म्हटले असेल, ते लिहा.